साडेनव्व्याण्णवचा हट्ट

आमच्या नेकनूर गावात बिघडलेल्या वस्तूला एकटं राहू देत नाहीत. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि किक मारूनही बोलेना, की मांजरसुंब्याकडे निघालेला अनोळखी माणूससुद्धा गाडी बाजूला घेतो, न विचारता प्लग काढतो, फुंकर मारतो, "कचरा आलाय" एवढं निदान करतो आणि आपल्या वाटेला लागतो. बोअरची मोटार पाणी उचलेना झाली की तिच्याभोवती पाच-सहा जण उकिडवे बसतात. एक जण स्टार्टरचं झाकण उघडतो. दुसरा फेज गेला म्हणतो, तिसरा कपॅसिटर उडाला म्हणतो, आणि मागे उभा असलेला एक जण पाणीच खाली गेलंय म्हणतो. हा शेवटचा बहुतेक वेळा बरोबर असतो. पण त्याचं कोणी ऐकत नाही. पाणी खाली गेलं असेल तर पुढं करायचं काय? झाकण उघडणाऱ्याला निदान झाकण तरी असतं.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक असा बिघाड आला, ज्याला झाकण नव्हतं. आवाज नाही, धूर नाही, जळका वास नाही. गावाची पंचाईत झाली.

माझा भाचा केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो आजोळी आला तोच मुळी लॅपटॉप उघडून. त्याचा प्रोजेक्ट असा, की कॉम्प्युटरवर एक डिस्टिलरी उभी करायची. साखर कारखान्याची मळी घ्यायची, ती आंबवून आठ-दहा टक्के अल्कोहोलचा वॉश तयार करायचा, तो कॉलममध्ये, म्हणजे उंच मनोऱ्यात, उकळायचा आणि वरून पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं इथेनॉल काढायचं. जमीन नको, परवाना नको, प्रदूषण मंडळ नको, चेअरमन नको. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि त्यांना बाण जोडायचे. कोणत्या बाणातून काय वाहतं, किती वाहतं, किती गरम असतं, हे एकदा सांगितलं की पुढचं गणित सॉफ्टवेअर करतं. गणित जमलं तर चौकोन हिरवा, अडलं तर लाल. आमच्या जिल्ह्यात कारखाने उभे राहताना आणि आडवे होताना मी पुष्कळ पाहिलेत. चहाला उकळी येईपर्यंत उभा राहिलेला हा पहिलाच.

सॉफ्टवेअरचं नाव मी सांगत नाही. त्याचं घराणं मात्र सांगण्यासारखं आहे. 1973 साली अरबांनी तेलाचा नळ आवळला आणि अमेरिकेला घाम फुटला. कोळशापासून इंधन काढता येईल का, याची गणितं करायला तिथल्या सरकारने पैसा ओतला आणि 1976 साली एमआयटी या विद्यापीठात 'अ‍ॅस्पेन' नावाचा प्रकल्प सुरू झाला. पेट्रोल काही त्यातून स्वस्त झालं नाही. पण 1981 साली त्याची कंपनी झाली आणि आज जगभरच्या रिफायनऱ्या कागदावर उभ्या राहायच्या आधी असल्या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या राहतात. त्याच्या लायसन्सची किंमत विचारायची नसते. गरिबांसाठी 'डीडब्ल्यूसिम' नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर आहे. ते ब्राझीलच्या एका इंजिनिअरनं लिहिलं आणि आपल्याकडे पवईच्या आयआयटीतला 'फॉसी' हा प्रकल्प त्याचा प्रसार करतो. आयआयटीच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात अशा फुकट सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. हे ऐकून मी फार खूश झालो. मी कधी ऐकणार नाही, हा भाग वेगळा.

तर डिस्टिलरी उभी राहिली. डाव्या कडेला पहिला बाण होता आणि त्यावर 'फीड' लिहिलं होतं. मी विचारलं, "या बाणाच्या अलीकडं काय?" भाचा म्हणाला, "अलीकडं काही नसतं मामा. तिथून प्रोसेस सुरू होते." नेमक्या त्याच दिवशी सकाळी आमच्या गल्लीपुढून ट्रक भरून टोळी निघाली होती. भांडी, सरपण, शेरडं, लेकरं, वर बांधलेली बाज. मुकादमाची उचल घेतलेले कोयते सहा महिने बाहेर राहून ऊस तोडणार, मग साखर, मग मळी, मग हा बाण. पडद्याच्या डाव्या कडेला जागा बरीच मोकळी होती, एवढं मात्र मी पाहून ठेवलं.

आता बिघाडाकडे येतो. कॉलमच्या डोक्यावरून निघालेली वाफ थंड करून तिचा एक भाग माल म्हणून बाहेर काढतात आणि उरलेला परत कॉलममध्ये सोडतात. बाहेर काढल्याच्या किती पट परत सोडला, तो रिफ्लक्स रेशो. परत जास्त सोडलं की माल अधिक शुद्ध. पण तेवढी वाफही जास्त खर्चावी लागते. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल किमान 99.5 टक्के शुद्ध लागतं. त्यात पाणी राहिलं तर टाकीत पेट्रोल वर आणि पाणी-अल्कोहोल खाली असा संसार वेगळा होतो आणि गाडी ढकलावी लागते. म्हणून भाच्याने 'अ‍ॅडजस्ट' नावाची आज्ञा बसवली: माल 99.5 होईपर्यंत रिफ्लक्स वाढवत जा. वजनाच्या टक्क्यांत, हेही तिला बजावलं.

आज्ञा कामाला लागली. रिफ्लक्स 3 केला, माल 93 च्या आसपास आला. 5 केला, 94 च्या पुढे गेला. 10 केला, 95 ओलांडले. भाच्याने मामीला चहा टाकायला सांगितलं. रिफ्लक्स 20, माल 95.4. रिफ्लक्स 50, माल 95.5. रिफ्लक्स 100, माल 95.5. रिफ्लक्स 200, माल तोच. एवढी वाफ काढायला अख्खा बालाघाट डोंगर जाळावा लागला असता, आणि बालाघाटावर झाडं आहेत तरी किती! मग चौकोन लाल झाला आणि एक लांबलचक इंग्रजी संदेश उमटला. भाच्याने तो न वाचता बंद केला.

यात त्याला दोष देत नाही. माझं कृषी सेवा केंद्र आहे. औषधाच्या बाटलीबरोबर बारीक अक्षरांचं एक पत्रक येतं, त्यात किती लिटर पाण्याला किती मिली, सगळं लिहिलेलं असतं. ते पत्रक वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. औषध लागलं नाही की तक्रार येते, आणि मी पहिला प्रश्न विचारतो, "किती टाकलं होतं?" या प्रश्नानंतर निम्म्या तक्रारी दुकानाच्या पायरीवरूनच परत जातात.

लॅपटॉप बंद करून चालू केला. तरी लाल. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं ठरलं, त्यासाठी नेट लागत होतं, नेट फक्त माळवदावर येतं. म्हणून भाचा लॅपटॉप घेऊन माळवदावर गेला आणि तिथून गावाला दिसला. झालं! एकट्या बसलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या मुलासमोर उघडं यंत्र आहे, एवढं लांबून कळायला नेकनूरच्या माणसाला चष्मा लागत नाही.

पहिला आला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा. त्याने लॅपटॉपकडे न बघताच सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागंल." हा पोरगा डॉक्टर झाला असता तर पेशंटला पुन्हा जन्म घ्यायला सांगितलं असतं. त्याच्यामागून ऑनलाईन फॉर्म भरून देणारे आले. वर्षानुवर्षं पीक विमा, सातबारा आणि जातीचे दाखले यांच्यात मुरलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "सर्व्हर डाऊन असंल. रात्री अकराच्या पुढं ट्राय करा." भाचा म्हणाला, यात सर्व्हर नाही, सगळं इथंच लॅपटॉपमध्ये चालतं. ते दचकले. ज्या बिघाडाला सर्व्हर कारण नाही असा बिघाड त्यांच्या आयुष्यात आला नव्हता. "मग अवघड आहे," म्हणाले आणि जिना उतरले.

शेजारचे तात्या लाईनमन म्हणून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं व्होल्टेज. त्यांना देवाच्या कोपामागेही व्होल्टेजच दिसतं. आमच्या दाजींनी, म्हणजे भाच्याच्या वडिलांनी, फोनवर एकच वाक्य सांगितलं, "मी तवाच म्हणलं होतं, मोठा लॅपटॉप घे." मामीचा संशय सीताफळावर. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून घरात ते जरा तोऱ्यातच खाल्लं जातं. भाचा ते की-बोर्डवर वाकून खात होता हे खरं. कळांच्या फटीतून एक बी निघालीही. बी काढल्यावर सगळ्यांनी अपेक्षेने पडद्याकडे पाहिलं. लाल.

या गर्दीत आमची माय उडीद वाळत घालायला वर आली. तिने नातवाजवळ बसून विचारलं,

"कितीवर अडलंय रं?"

"साडेपंच्याण्णववर, आजी."

"आन् पायजेत किती?"

"साडेनव्व्याण्णव."

माय त्याच्याकडे बघतच राहिली. "कामून? पंच्याण्णव काय कमी हायेत का लेकरा? तुझ्या मामाला बावन्न पडले होते, तर तालुक्यात पेढे वाटले होते."

बावन्न नव्हे, चौपन्न. पण ते असो. भाचा समजावत होता की आजी, हे मार्क नाहीत, हे अल्कोहोल आहे. या स्पष्टीकरणाने प्रकरण सुधारलं नाही. बंकटस्वामींच्या मठात जाणाऱ्या, तुळशीची माळ घातलेल्या बाईसमोर नातवाने मला साडेनव्व्याण्णव टक्के अल्कोहोल पाहिजे म्हणणं शहाणपणाचं नव्हतं. तो शब्द गिळून त्याने घाईने "मार्कच समज" म्हटलं आणि तिथे चुकलं. शेजारच्या माळवदावरून दोन बायका ऐकत होत्या. संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती की पोराला पंच्याण्णव पडले तरी रडतंय. कोणी म्हणालं लातूरला क्लास लावा, तिथं शंभरपैकी शंभर पाडून देतात. सकाळी एक काका हार घेऊन आले. हार परत कसा करायचा असतो हे कोणालाच माहीत नसल्यामुळे भाच्याने तो घालून घेतला आणि हार घालूनच पुढचा अर्धा दिवस त्या आज्ञेशी झटापट केली.

तोवर ही आज्ञा गणित करते तरी कसं, याची मला उत्सुकता लागली होती. भाच्याने सांगितलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. कारण हे तर मी लहानपणापासून पाहतोय. नेकनूरचा आठवडी बाजार जनावरांसाठी लांबवर नावाजलेला. तिथे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर रुमाल टाकतो, रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं दाबतो, मग घेणाऱ्याची. विकणारा सांगतो नव्वद, घेणारा सांगतो साठ. दलाल पुन्हा फिरतो, पंच्याऐंशी, सदुसष्ट. पुन्हा फिरतो, ऐंशी, त्र्याहत्तर. दर फेरीला तो मनात एकच हिशोब करतो, दोघांत आता अंतर किती? ते हजार-पाचशेवर आलं की रुमाल झटकतो, दोघांचे हात एकमेकांवर आपटतो आणि सौदा झाला म्हणून ओरडतो. सॉफ्टवेअर हेच करतं. आधी अंदाज धरायचा, गणित करायचं, आलेलं उत्तर आणि मागितलेलं उत्तर यांत फरक बघायचा, अंदाज सुधारायचा, पुन्हा गणित. फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत आला की चौकोन हिरवा. या मर्यादेला ते टॉलरन्स म्हणतात. फेऱ्यांनाही मर्यादा असते. बाजारात ती मर्यादा म्हणजे दिवस मावळणं.

चांगला दलाल सगळ्या फेऱ्या मारत बसत नाही. मागच्या दोन फेऱ्यांत कोण किती सरकला, एवढं बघून तो थेट पुढचा आकडा टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये ही अक्कल ज्या रीतीने घातलेली असते तिला वेगस्टीन पद्धत म्हणतात. वेगस्टीन हे अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतले गृहस्थ. त्यांनी ती 1958 साली छापली. मागच्या दोन उत्तरांवरून कल ओळखायचा आणि उडी मारायची. पुढे हेच वेगस्टीन बोटांचे ठसे कॉम्प्युटरने जुळवण्याच्या कामात गुंतले. आमच्या बाजारातल्या दलालांना मी हे सांगितलं, तर त्यांना बोटांचा भाग पटला. छापण्याचा पटला नाही. असल्या गोष्टी रुमालाखालीच ठेवायच्या असतात, असं त्यांचं मत पडलं.

पण बाजारात विकणाऱ्यांची एक वेगळी जातही असते. बैल विकायचाच नसतो, तरी दर बाजारी आणून उभा करतात. घेणारा कितीही वर चढला तरी हा जागचा हलत नाही. दलाल घामाघूम होतो, फेऱ्यांवर फेऱ्या मारतो. नवखा दलाल असेल तर त्याला वाटतं आपली बोटंच नीट दाबली गेली नाहीत.

भाचा नवखा होता. त्याने आज्ञेची बोटं तपासायला घेतली. दर फेरीचं पाऊल लहान केलं. ती तेवढ्याच हट्टाने, फक्त सावकाश, पंच्याण्णववर जाऊन बसली. पाऊल मोठं केलं. ती पुढेमागे उड्या मारून पुन्हा तिथेच. रिफ्लक्सची कमाल मर्यादा वाढवून 1000 केली. माल 95.5. एक किलो माल काढायला हजार किलो परत ओतायचा, असा तो धंदा झाला होता. एवढ्या तोट्यात तर आमच्याकडे सहकारी कारखानाही चालत नाही. शेवटी वैतागून त्याने टॉलरन्सला हात घातला. तो होता अपूर्णांकात. भाच्याने केला 5. त्याबरोबर चौकोन टचकन हिरवा! 99.5 मागितले, 95.5 मिळाले, फरक 4, म्हणजे पाचाच्या आत, म्हणजे सौदा झाला. माझ्यातल्या दुकानदाराला हे पटलं होतं. मी म्हटलं, राहू दे. भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला माझ्या दुकानातला वजनकाटा आठवला. त्याने टॉलरन्स पुन्हा पूर्वीसारखा केला. चौकोन लाल झाला आणि घरात सुतक उतरलं.

त्यात पुण्याहून त्याच्या वर्गमित्राचा फोटो आला. तोच प्रोजेक्ट, तोच कॉलम, तीच आज्ञा. सगळं हिरवंगार. माल 99.9 टक्के. खाली एक हसरा चेहरा. भाच्याने तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. आता संशय लॅपटॉपवरून स्वतःवर आला, आणि बिघाडाच्या इतिहासात याहून वाईट टप्पा नसतो. फॉरमॅटवाल्या पोराला निरोप पाठवण्याची चर्चाही घरात सुरू झाली.

तेवढ्यात त्याच्या कॉलेजातल्या सरांचा फोन लागला. रेंजसाठी स्पीकरवर, पाण्याच्या टाकीला टेकून. भाच्याने सगळी कहाणी सांगितली: आज्ञा काम करत नाही, पाऊल बदललं, मर्यादा बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, बी काढली. सर मध्येच म्हणाले, "कॉलमला किती मागितलंस?"

"99.5, सर."

"एवढं कशाला? पंच्याण्णववर थांब की."

उडीद पाखडता पाखडता माय म्हणाली, "मी कवाची तेच सांगायलेय."

फोनवर सरांनी विचारलं, "कोण बोललं ते?" भाचा म्हणाला, "आजी." सर म्हणाले, "केमिकलच्या?"

पुढे सरांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा. अल्कोहोल आणि पाणी एकत्र उकळलं की वाफेत अल्कोहोल जास्त येतं, म्हणून ते वेगळं करता येतं. पण वजनाने 95.6 टक्क्यांपाशी, 78.2 अंश सेल्सिअसला, एक जागा येते जिथे वाफेतलं प्रमाण आणि खालच्या द्रवातलं प्रमाण अगदी सारखं असतं. त्यापुढे उकळत बसलं तर जसं आहे तसंच वर जातं, तसंच खाली येतं. याला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात. साध्या दाबाखाली नुसत्या उकळण्याने ही वेस ओलांडता येत नाही. रिफ्लक्स हजार करा नाहीतर लाख. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? आज्ञा बिचारी पोहरा हजारदा सोडत होती, दर वेळी किती आलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवत होती, आणि आम्ही दोर तपासत होतो. न वाचता बंद केलेल्या त्या इंग्रजी संदेशातही हेच लिहिलं होतं: रिफ्लक्स कमाल मर्यादेला टेकला, उत्तर हलत नाही. बोअरवर मागे उभा राहून पाणीच खाली गेलंय म्हणणाऱ्या माणसाची मला आठवण झाली.

जुन्या काळी हे मुलांना पेन्सिलनेच कळायचं म्हणे. 1925 साली मॅककेब आणि थिले या दोघांनी आलेखाच्या कागदावर पायऱ्या पाडून कॉलम मोजायची रीत काढली. अल्कोहोल-पाण्याचा आलेख काढला की वरच्या टोकाला वक्ररेषा तिरक्या रेषेला जाऊन भिडते आणि पायरी पाडायला जागाच उरत नाही. पेन्सिल अडते, पोरगं डोकं खाजवतं आणि शहाणं होतं. सॉफ्टवेअरच्या पोटातल्या पायऱ्या दिसत नाहीत. दिसतो फक्त लाल रंग, आणि लाल रंग दिसला की माणूस सीताफळाच्या बिया शोधतो.

मग पुण्याच्या मित्राला 99.9 कसे मिळाले? इथे खरी गंमत आहे. कोणते रेणू एकमेकांशी कसे वागतात हे सॉफ्टवेअरला आपण सांगायचं असतं. त्यासाठी एक यादी असते आणि त्यातली एक रीत निवडावी लागते. भाच्याने योगायोगाने चांगली निवडली होती; रेनॉन आणि प्राउस्निट्झ यांची 1968 सालची, एनआरटीएल नावाची. ती प्रत्यक्ष प्रयोगांतल्या आकड्यांवर बेतलेली, म्हणून तिला 95.6 ची वेस माहीत होती. मित्राने यादीतली सगळ्यात सोपी उचलली, राउल्टचा नियम. त्या नियमाच्या जगात सगळे रेणू एकमेकांना परके नसतात आणि आपलेही नसतात, भांडण नाही, ओढ नाही, त्यामुळे वेसही नाही. म्हणून त्याचा कॉलम तक्रार न करता 99.9 देऊन बसला. भाच्याचं सॉफ्टवेअर लाल होऊन खरं सांगत होतं, मित्राचं हिरवं होऊन थाप मारत होतं. आणि गावाने मिळून दुरुस्तीला काढलं होतं ते खरं बोलणारं.

दुरुस्ती शेवटी साधी निघाली. कॉलमला 95 मागायचे. तो हसत देतो, रिफ्लक्सही माणसात राहतो. उरलेलं पाणी काढायला कॉलमच्या पुढे मॉलिक्युलर सीव्ह लावायचा. त्यातल्या खड्यांना तीन अँगस्ट्रॉमची छिद्रं असतात. पाण्याचा रेणू त्याहून किंचित लहान, तो आत शिरून बसतो. अल्कोहोलचा मोठा, तो बाहेरच राहतो आणि कोरडा होऊन पुढे जातो. देशातल्या बहुतेक डिस्टिलऱ्या पेट्रोलसाठीचं इथेनॉल असंच सुकवतात. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण 2025 साली 20 टक्क्यांवर गेलं. म्हणजे मांजरसुंब्याच्या चौकात टाकी भरणारा प्रत्येक जण थोडा ऊसही भरून नेतो. भाच्याने आणखी एक चौकोन मांडला, बाण जोडला आणि सगळं हिरवं झालं. मामीने चहा टाकला. तात्यांनी खालून विचारलं, "व्होल्टेज आलं वाटतं?" आम्ही हो म्हणालो.

गावात मात्र अजून अशी समजूत आहे, की पोराचे पंच्याण्णवच राहिले; रिचेकिंगला टाकलं होतं, वाढले नाहीत. माय भेटेल त्याला सांगते की पुरे आहेत तेवढे, आणि या बाबतीत तिच्या बाजूला एक प्राध्यापक आहेत.

पुण्याच्या मित्राने प्रोजेक्ट तसाच जमा केला. छापील, स्पायरल बाइंडिंग केलेला, सगळे चौकोन हिरवे. उद्या तो पास होऊन बाहेर पडेल. एकाच कॉलममधून 99.9 टक्के इथेनॉल काढून दाखवतो म्हणत कोणी तुमच्याकडे भांडवल मागायला आला, तर त्याला चहा पाजा, सीताफळ खायला द्या, आणि पैसे देऊ नका.